पहिली गोधडी: कापड जुनंच बरं

पहिल्या गोधडीला नवं कोरं कापड घ्या, जुनं लवकर विरतं, असा सल्ला काहीजण देतात, तो मला अजिबात पटत नाही. कोऱ्या कापडात खळ असते. चार थरांतून सुई ढकलताना बोटं दुखून येतात आणि नवशिक्या तिथेच हात टेकतो. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं किंवा धोतर घ्या, विरलेला भाग आतल्या थरात घाला. सिंथेटिक साडी मात्र नकोच, थर सरकतात.

आणखी एक, कच्चे टाके, म्हणजे थर तात्पुरते धरून ठेवणारे टाके, विसरू नका. थर जमिनीवर ताणून अंथरा, कडांवर वजनं ठेवा आणि मध्यापासून कडेकडे वीतभर अंतरावर लांब टाके घाला. धावदोरा, म्हणजे गोधडीची खरी बारीक शिवण, त्यानंतर. आजीने मला हे आधी शिकवलं, म्हणून माझ्या पहिल्याच दुपट्याला चुण्या पडल्या नाहीत. आणि सुरुवात बाळाच्या दुपट्यानेच करा, ते मांडीवर मावतं.