आईची फॅमिली पेन्शन आणि पोस्टातलं व्याज : रिटर्न घरच्या घरी, फुकट भरता येईल का?

निफाडकर
२२ ऑगस्ट २०२५

माझी आई ६७ वर्षांची आहे, गावी निफाडला असते. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांच्या पश्चात आईला फॅमिली पेन्शन मिळते. गेल्या आर्थिक वर्षात (एप्रिल २०२४ ते मार्च २०२५) पासबुकावर पेन्शनचे २,२२,००० रुपये जमा झालेत. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १० लाख आहेत, ८.२ टक्के दराने तिमाहीला २०,५०० व्याज येतं. पेन्शनच्याच बँकेत एक एफडी आहे, तिचं वर्षाचं व्याज २८,६०० आणि बचत खात्याचं ३,१००. शेती नाही, शेअर नाहीत, म्युच्युअल फंड नाही. राहतं घर आहे, त्यावर कर्ज नाही.

पोस्टाने वर्षभरात ८,२०० रुपये टीडीएस (व्याज देतानाच कापून घेतलेला कर) कापला आहे. आईच्या दृष्टीने ही रक्कम लहान नाही, तिचा औषधांचा दोन-तीन महिन्यांचा खर्च त्यातून निघतो.

गावात जे रिटर्न भरून देतात ते १,२०० रुपये मागतात. पैशांपेक्षा दुसरीच गोष्ट मला खटकली. पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ईमेल ते स्वतःचा टाकतात, पासवर्डही त्यांच्याकडेच राहतो. "सगळ्यांचं असंच करतो" म्हणाले.

मी अंबडच्या कंपनीत कामाला आहे. माझा फॉर्म १६ (पगाराचा आणि कापलेल्या कराचा कंपनीने दिलेला दाखला) मिळतो त्यावरून माझं रिटर्न मी भरतो, पण आईला फॉर्म १६ नाही. मग पेन्शन कुठे दाखवायची? आणि एवढ्या उत्पन्नावर कर लागत नसेल तर रिटर्न भरणं सक्तीचं आहे, की फक्त रिफंडसाठी भरायचं?

---

मालतीकाकू सातारा
२२ ऑगस्ट २०२५

निफाडकर, तुमच्या आईचं रिटर्न घरी बसून, एक रुपयाही न देता भरता येतं. मी बँकेत पेन्शनच्या टेबलावर बरीच वर्षं काम केलं. आता निवृत्त झाल्यावर रिटर्नच्या दिवसांत आमच्या इथल्या वाचनालयात बसते आणि पेन्शनर मंडळींना मदत करते. त्यांत फॅमिली पेन्शनवाल्या बायका खूप असतात, आणि त्यांचंच रिटर्न सगळ्यांत जास्त चुकीचं भरलेलं बघायला मिळतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सक्तीचं. "कर शून्य म्हणजे रिटर्न नको" हा समज चुकीचा आहे. नव्या कररचनेत २०२४-२५ या आर्थिक वर्षासाठी करमुक्त मर्यादा ३ लाखांची आहे. ७ लाखांपर्यंत कर शून्य होतो तो कलम ८७ए च्या सवलतीमुळे, मर्यादेमुळे नाही. उत्पन्न ३ लाखांच्या वर गेलं की रिटर्न भरायलाच हवं, मग शेवटी कर शून्य का येईना.

आता तुमचे आकडे. स्वतः नोकरी केलेल्या माणसाची पेन्शन पगारात धरतात आणि त्यावर ७५,००० ची स्टँडर्ड डिडक्शन मिळते. फॅमिली पेन्शन मात्र "इतर उत्पन्न" या सदरात जाते आणि ७५,००० तिला लागू नाही. तिची वजावट वेगळी : पेन्शनचा एक तृतीयांश किंवा २५,००० यांतली कमी रक्कम (जुन्या रचनेत २५,००० ऐवजी १५,०००). आईच्या बाबतीत २५,०००. म्हणजे २,२२,००० मधून १,९७,००० उरले. त्यात पोस्टाचे ८२,०००, एफडीचे २८,६०० आणि बचतीचे ३,१०० मिळवा. एकूण ३,१०,७००. तीन लाखांवरच्या १०,७०० वर ५ टक्क्यांनी ५३५ रुपये कर येतो, तो ८७ए मध्ये पूर्ण जातो. कापलेले ८,२०० सगळेच्या सगळे परत.

जुन्या रचनेतही हिशोब करून पाहिला. तिथे १५,००० गेले, कलम ८०टीटीबी खाली व्याजाचे ५०,००० गेले, उरतात २,७०,७००. ज्येष्ठांची तिथली मर्यादाही ३ लाख, त्यामुळे कर शून्यच. दोन्हीकडे उत्तर एक असेल तर नवी रचना ठेवा. पोर्टलवर तीच आपोआप धरलेली असते आणि वजावटींचे तपशील भरत बसावे लागत नाहीत.

फॉर्म आयटीआर-१, म्हणजे सहज. भरण्याआधी मोबाइल बाजूला ठेवा आणि दोन कागद समोर घ्या : पेन्शन खात्याचं वर्षभराचं स्टेटमेंट आणि पोस्टाचं व्याजाचं प्रमाणपत्र. मग पोर्टलवर एआयएस (बँका वगैरेंनी विभागाला कळवलेल्या उत्पन्नाची यादी) आणि २६एएस (पॅनवर जमा झालेल्या टीडीएसची नोंद) उघडा. २६एएस मध्ये पोस्टाने कापलेले ८,२०० आईच्या पॅनवर दिसायला हवेत. ते दिसत नसतील तर आधी पोस्टात जा, रिटर्न नंतर.

लॉगिन केल्यावर ई-फाईल, त्यात इन्कम टॅक्स रिटर्न्स, करनिर्धारण वर्ष २०२५-२६ (म्हणजे एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ च्या उत्पन्नाचं), ऑनलाइन. रिटर्न का भरता असं विचारलं जातं, तिथे उत्पन्न मूळ मर्यादेपेक्षा जास्त असल्याचा पर्याय घ्या. वैयक्तिक माहितीत नोकरीचा प्रकार विचारतात. बहुतेक जण "पेन्शनर - राज्य सरकार" निवडतात आणि चूक तिथेच सुरू होते. यादीत खाली "लागू नाही" असा पर्याय आहे आणि त्याच्यापुढे फॅमिली पेन्शनचा उल्लेखही केलेला आहे. तो निवडा. पगाराचा रकाना रिकामा राहू द्या. इतर उत्पन्नात जाऊन यादीतून "फॅमिली पेन्शन" घ्या आणि पूर्ण २,२२,००० लिहा. २५,००० स्वतः वजा करून लिहू नका. त्यासाठी कलम ५७(iiए) चा वेगळा रकाना आहे, वजावट तिथे दिसली पाहिजे. ठेवींच्या व्याजात पोस्ट आणि एफडी मिळून १,१०,६००, बचत खात्याच्या व्याजात ३,१००.

शेवटी एक गोष्ट अगदी मनापासून सांगते. पोर्टलवर नंबर आणि ईमेल आईचा किंवा तुमचा असू द्या, दुसऱ्या कोणाचाही नको. आयकर विभागाची नोटीस, रिफंड अडकल्याचा निरोप, सगळं त्या ईमेलवर येतं. आमच्याकडे एक आजी आल्या होत्या. त्यांच्या नावाने विभागाचं पत्र येऊन वर्ष उलटलं होतं आणि त्यांना पत्ताच नव्हता, कारण ईमेल तिसऱ्याचाच. आपल्या नावाने सरकारला काय लिहून दिलंय, हे त्या बाईला कळायला हवं. आई शेजारी बसलेली असतानाच रिटर्न भरा आणि प्रत्येक आकडा तिला वाचून दाखवा.

---

हडपसर९१
२२ ऑगस्ट २०२५

काकूंनी सगळं लिहिलंच आहे. फक्त पत्ता नीट बघून टाका : इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन. गुगलवर "फ्री आयटीआर" शोधलं की वर खाजगी साइटच्या जाहिराती येतात. त्यांतल्या काही शेवटच्या पानापर्यंत फुकट म्हणतात आणि सबमिट करताना पैसे मागतात. सरकारी पोर्टलवर कुठल्याही टप्प्यावर पैसे लागत नाहीत.

माझं स्वतःचं पगाराचं रिटर्न आहे, थोडे म्युच्युअल फंड विकले होते. शेअर किंवा इक्विटी फंडाचा दीर्घ मुदतीचा नफा सव्वा लाखापर्यंत असेल तर यंदापासून आयटीआर-१ चालतो. पूर्वी एवढ्यासाठी आयटीआर-२ भरावा लागायचा.

---

करसल्लागार सांगली
२३ ऑगस्ट २०२५

मी या व्यवसायात आहे आणि तरीही सांगतो, या केसमध्ये फी देण्याची गरज नाही. काकूंचा हिशोब बरोबर आहे.

आमच्याकडे कधी यावं तेही लिहितो. शेअरमध्ये अल्प मुदतीचा नफा किंवा तोटा असेल, इंट्राडे (त्याच दिवशी खरेदी-विक्री) किंवा एफ अँड ओ (वायदे व्यवहार) केलं असेल, जमीन किंवा घर विकलं असेल, परदेशात खातं असेल, शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर असेल, तर आयटीआर-१ चालत नाही. वडील गेले त्या वर्षाचं रिटर्न राहिलं असेल तर वारस म्हणून नोंदणी करून त्यांच्या पॅनवर वेगळं भरावं लागतं. तिथे मदत घेतलेली बरी.

आणखी एक. "रिफंड वाढवून देतो, त्यातले इतके टक्के आमचे" असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. खोट्या वजावटी दाखवणाऱ्यांवर जुलैमध्येच देशभर सुमारे १५० ठिकाणी आयकर विभागाची कारवाई झाली आहे. खोटी वजावट कोणीही टाकलेली असो, जबाबदारी ज्याच्या पॅनवर रिटर्न आहे त्याचीच.

यंदा मुदत ३१ जुलैऐवजी १५ सप्टेंबर आहे. त्यानंतर भरलं तर ५ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्याला १,००० रुपये विलंब शुल्क लागतं आणि जुनी कररचना निवडता येत नाही. शेवटच्या दोन दिवसांत पोर्टल फार हळू चालतं, तोवर थांबू नका.

---

निफाडकर
३१ ऑगस्ट २०२५

सगळ्यांचे आभार. रविवारी गावी आलोय, आईला शेजारी घेऊनच बसलोय. दोन ठिकाणी अडलं.

एक, एआयएसमध्ये पोस्टाचं आणि बँकेचं व्याज बरोबर दिसतंय, पण पेन्शन कुठेच नाही. जे विभागाला दिसत नाही ते दाखवायचंच का, असं धाकटा भाऊ विचारतोय.

दोन, आईच्या आधारला वडिलांचा जुना नंबर जोडलेला आहे आणि ते सिम कधीच बंद झालंय. आधारचा ओटीपी येणार नाही. मग व्हेरिफिकेशन कसं करायचं?

---

मालतीकाकू सातारा
३१ ऑगस्ट २०२५

भावाला सांगा, दाखवायचंच. फॅमिली पेन्शनवर पगारासारखा टीडीएस कापला जात नाही, म्हणून ती बऱ्याचदा तिथे उमटत नाही. एआयएस ही विभागाकडे इतरांनी कळवलेली माहिती आहे, आईचं पूर्ण उत्पन्न नव्हे. रिटर्नखाली जे प्रतिज्ञापन असतं ते आईच्या नावाने आहे. शिवाय पेन्शन दाखवूनही तुमचा कर शून्यच येतोय, लपवून मिळणार काय?

व्हेरिफिकेशनला आधारच लागतं असं नाही. प्रोफाइलमध्ये "माय बँक अकाउंट" मध्ये जाऊन पेन्शनचं खातं प्रीव्हॅलिडेट करा, म्हणजे ते आईचंच असल्याची पोर्टलवर आधी खात्री करून घ्या. रिफंडसाठी ते करावंच लागतं. खात्यावरचं नाव पॅनशी जुळलं पाहिजे. खातं पूर्वी वडिलांबरोबर जॉइंट असेल तर आता त्यावर आईचंच पॅन आहे ना, ते बँकेत विचारून घ्या. खातं व्हॅलिडेट झालं की त्याच खात्याची ईव्हीसी (व्हेरिफिकेशनच्या कोडची) सुविधा चालू करा, कोड बँकेत नोंदवलेल्या मोबाइलवर येतो. आईचं नेटबँकिंग असेल तर तिथूनही पोर्टलवर जाता येतं. यातलं काहीच जमलं नाही तर आयटीआर-व्ही चा (भरलेल्या रिटर्नच्या पोचपावतीचा) कागद छापून, आईची सही घेऊन आयकर विभागाच्या बेंगळुरूच्या सीपीसी केंद्राला स्पीड पोस्टाने पाठवा.

काहीही करा, पण रिटर्न भरल्यापासून ३० दिवसांच्या आत करा. उशीर झाला तर ज्या दिवशी व्हेरिफाय होईल तीच तारीख रिटर्नची धरतात. मग मुदत गेली आणि विलंब शुल्क लागलं, असं होतं. "सबमिट झालं" हा संदेश पाहून लोक उठतात, माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त रिटर्न इथेच राहतात.

आधारचा नंबर मात्र सवडीने बदलून घ्या. पोस्टमनही हे काम घरी येऊन करतो, तुमच्या पोस्टात विचारा. हयातीच्या दाखल्यापासून गॅसपर्यंत आईला तो नंबर लागणारच आहे.

---

निफाडकर
१३ सप्टेंबर २०२५

बँकेच्या ईव्हीसीने त्याच दिवशी काम झालं. काल रिफंडही जमा झाला, पण ८,२०० नाही, थोडी जास्त रक्कम आली आहे. ईमेलवर कलम १४३(१) चं (रिटर्न तपासल्याचं) पत्र आलंय, त्याची पीडीएफ पासवर्ड मागतेय. आणि पुढच्या वर्षी पोस्टाने टीडीएस कापूच नये यासाठी काय करायचं?

---

मालतीकाकू सातारा
१३ सप्टेंबर २०२५

फार बरं वाटलं वाचून. पासवर्ड म्हणजे आईचा पॅन छोट्या लिपीत आणि त्याला जोडून जन्मतारीख, मध्ये जागा न सोडता : दिवस दोन अंकी, महिना दोन अंकी, वर्ष चार अंकी. पत्रात दोन रकाने असतात, तुम्ही भरलेलं आणि विभागाने धरलेलं. दोन्हींतले आकडे सारखे आहेत का ते ओळीने पाहा आणि पत्र जपून ठेवा.

वरची रक्कम हे रिफंडवरचं व्याज आहे. मुदतीत रिटर्न भरलं की १ एप्रिलपासून महिन्याला अर्धा टक्का मिळतं. हे व्याज करपात्र असतं, पुढच्या हिशोबात इतर उत्पन्नात धरा.

टीडीएसचं म्हणाल तर १ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांसाठी व्याजाची मर्यादा ५०,००० वरून १ लाख झाली आहे. आईचं पोस्टाचं व्याज ८२,०००, म्हणजे चालू वर्षात कपात व्हायला नको. तरीही पोस्टात १५एच (कर लागत नाही, टीडीएस कापू नका, असं ज्येष्ठांनी लिहून द्यायचा फॉर्म) देऊन ठेवा आणि पोच घ्या. चालू वर्षासाठी (२०२५-२६) नव्या रचनेतली करमुक्त मर्यादाही ४ लाख झाली आहे. आईचं उत्पन्न इतकंच राहिलं आणि टीडीएस कापला गेला नाही तर पुढच्या वर्षी उत्पन्नापोटी रिटर्नची सक्ती राहणार नाही. घराचं वीजबिल वर्षाला १ लाखावर किंवा परदेश प्रवासाचा खर्च २ लाखांवर, अशा काही कारणांनी मात्र ते भरावंच लागतं, तुमच्याकडे तसं दिसत नाही.

तरी पुढच्या जूनमध्ये एकदा आईच्या लॉगिनने २६एएस उघडून पाहा. पोस्टाने कुठल्या तिमाहीत चुकून कापलं असेल तर तिथेच कळेल.