पार्टिशन चुकलं, उबंटू उठत नाही : आधी डिस्कची कॉपी काढायची की सरळ दुरुस्तीला बसायचं?

वावरातला (धागा सुरू करणारा)

वरुड तालुक्यातल्या एका गावात ओळखीच्यांचं सेवा केंद्र आहे. सातबारा, दाखले, पीकविमा, झेरॉक्स. एकच डेस्कटॉप, ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क, त्यावर विंडोज १० आणि उबंटू (लिनक्स). अंगठ्याचं मशीन, प्रिंटर आणि पोर्टलची कामं विंडोजवर. उबंटू त्यांच्या भाच्याचं. तो अमरावतीला इंजिनिअरिंग करतो. मात्र गावातले पेनड्राइव्ह येतात ते व्हायरस घेऊनच, म्हणून स्कॅन केलेले कागद उबंटूच्या होम फोल्डरमध्ये ठेवायची सवय लागली होती.

डिस्कवर पार्टिशनांचा, म्हणजे कप्प्यांचा, क्रम असा : सी, मग उबंटूचं १०० जीबी, मग डी. डी भरत आला, म्हणून भाच्यानं उबंटूतले ४० जीबी कापून डीला द्यायचं ठरवलं. ज्यावरून उबंटू थेट चालतं अशा लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं आणि टर्मिनलवर पार्टेड या कमांडनं पार्टिशनचा शेवट अलीकडे ओढला. ओढायच्या आधी आतली ईएक्सटी४ फाइल सिस्टीम (फाइली कुठे आहेत याची मांडणी) लहान करावी लागते, ते राहिलं. जीपार्टेड वापरलं असतं तर त्यानं दोन्ही कामं बरोबर क्रमानं केली असती. पार्टेड मात्र फक्त पार्टिशन टेबलातला, म्हणजे कप्प्यांच्या नोंदवहीतला, आकडा बदलतं. पुढे डी वाढवायला तो विंडोजमध्ये गेला. तिथं जागा डीच्या डाव्या बाजूला मोकळी होती आणि विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट फक्त उजवीकडची लागून असलेली जागा जोडू देतं. त्यामुळे गाडी तिथंच थांबली. थांबली ते बरंच झालं.

आता विंडोज चालतं. उबंटू निवडलं की काळ्या पडद्यावर एफएससीके (फाइल सिस्टीम तपासून दुरुस्त करणारी कमांड) हातानं चालवा असं सांगून बसतं.

माझं म्हणणं एवढंच, की कशालाही हात लावायच्या आधी अख्ख्या डिस्कची कॉपी दुसऱ्या डिस्कवर घ्या. दुरुस्तीचे प्रयोग त्या कॉपीवर. हे बोललो तर घरातले सगळे माझ्यावरच चिडले. तुम्ही सांगा.

तालुका_टेक

मी रिपेअरिंगचं दुकान चालवतो. गिऱ्हाईक सीपीयू मोटरसायकलवर बांधून आणतं आणि दिवे लागायच्या आत परत मागतं. तुमचं कॉपी काढण्याचं शास्त्र त्याला सांगून पाहा एकदा. ५०० जीबी जुन्या यूएसबी २ पोर्टमधून, सेकंदाला ३० एमबी धरा, साडेचार तासांच्या वर जातात. मधे लाईन गेली की पुन्हा पहिल्यापासून. शिवाय दुसरी डिस्क कोण घेणार? केंद्राचं काम विंडोजवर आहे आणि विंडोज चालतंय. उबंटूचं पार्टिशन उडवा, जागा डीला द्या, मोकळे व्हा.

वावरातला

उडवायच्या आधी आत काय आहे ते विचारता का, हा माझा प्रश्न आहे. इथं आत गावाचे कागद आहेत.

आणि लाईनचं म्हणाल तर तोच माझा मुद्दा आहे. डीडीरेस्क्यू हे डिस्क कॉपीचं साधन कॉपी करताना एका छोट्या मॅप फाइलमध्ये कुठपर्यंत झालं ते लिहीत जातं. लाईन गेली, आली, तीच कमांड पुन्हा दिली की तिथून पुढे सुरू. आपल्याकडे हेच वापरायला हवं. साधी डीडी कमांड असला हिशेब ठेवत नाही.

कन्सोलवाली

धागाकर्त्याशी अर्धी सहमत. अर्धी अजिबात नाही.

बिघाड दोन जातींचे असतात आणि इथं सगळे ते एकत्र कालवतायत. धुरा (शेताचा बांध) सरकवल्याचं उदाहरण घ्या. एकात फक्त नकाशावरची रेघ हलली, वावरातलं पीक जागच्या जागी आहे. दुसऱ्यात पीकच उपटून पलीकडे लावायला घेतलं आणि अर्ध्यात काम बंद पडलं. पार्टिशनची सुरुवात डावीकडे सरकवली की सगळा डेटा उचलून हलवावा लागतो. ते चालू असताना लाईन गेली तर काही भाग नव्या जागी, काही जुन्या जागी आणि मधला एकमेकांवर चढलेला. तिथं हरवलेली पार्टिशनं शोधणारं टेस्टडिस्कही फार काही करू शकत नाही. तिथं कॉपी घेतल्याशिवाय श्वाससुद्धा घेऊ नये.

पण तुमची केस पहिल्या जातीची आहे. डेटाचा एक ब्लॉक हललेला नाही, टेबलातला शेवटचा आकडा तेवढा चुकलाय. तो परत लिहायला साडेचार तासांची कॉपी? मी तरी नाही करणार. एसएफडिस्क कमांडनं आत्ताचं टेबल एका मजकूर फाइलमध्ये उतरवा. काही केबीची फाइल होते, ती पेनड्राइव्हवर ठेवा आणि पडद्याचा फोटो काढा. मग शेवट पूर्ववत करा. चुकलात तर तीच फाइल परत लिहिता येते.

पुणेकर_मूळ_आर्वी

मूळ चूक ड्युअल बूटची आहे. कमाईच्या मशीनवर दोन सिस्टीम ठेवायच्याच कशाला? भाच्याला जुना लॅपटॉप द्या किंवा व्हर्च्युअल मशीन (विंडोजच्याच आत चालणारी दुसरी सिस्टीम). आणि लोकांच्या आधारच्या प्रती काम झाल्यावर कोण कशाला साठवतं? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचा जरा.

हरभरा

पुनेकर भाऊ, लॅपटॉप तुमीच पाठवून द्या ना मंग. मी दारव्ह्याकडं असंच केंद्र चालवतो. ४ जीबी रॅमच्या डबड्यात व्हर्च्युअल मशीन चालवलं तं माउससुदा हालत नाई. अन् कागद काहून ठेवता म्हन्ता? मानूस पुढच्या सालीबी तोच कागद घेऊन येते, का घरी इसरून येते, अन् मंग माह्याच नावानं बोंबलते. ठेवाव नाई, हे मलेबी समजते. पन गाव पुन्याहून चालत नाई बाप्पा.

पुणेकर_मूळ_आर्वी

ठीक. लॅपटॉपचा मुद्दा मागे घेतो. कागदांचा घेत नाही. आज डिस्क बिघडली म्हणून घाबरलात, उद्या चोरीला गेली तर? आणि रिकव्हरीसाठी ही डिस्क नागपूरच्या एखाद्या दुकानात द्याल, तेव्हा अख्ख्या गावाचे आधार तिथल्या टेबलावर जातील. त्याचाही हिशेब करा.

जीपीटी_भक्त

एवढी चर्चा कशाला? जीपीटी पद्धतीच्या पार्टिशन टेबलाची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते. जीडिस्क या साधनानं ती प्रत पुढे आणा, झालं काम.

कन्सोलवाली

नाही होणार. शेवटची प्रत कामी येते ती पहिली खराब झाली तर. इथं काही खराब झालेलं नाही. पार्टेडनं भाच्याचं ऐकून दोन्हीकडे चुकीचा आकडा इमानदारीनं लिहिलाय. ती प्रत आणली तर तीच चूक परत येईल.

बरोबर आकडा फाइल सिस्टीमलाच विचारायचा. ईएक्सटी४ च्या सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे तिच्या स्वतःच्या माहितीच्या पानात, तिची मूळ लांबी अजून लिहिलेली आहे. डंपईटूएफएस कमांडला फक्त हेडर मागितलं की ब्लॉक काउंट दिसतो. पूर्ण १०० जीबी असेल तर २,६२,१४,४०० ब्लॉक, प्रत्येकी ४,०९६ बाइटचे. डिस्कचा सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणून आठनं गुणा : २०,९७,१५,२०० सेक्टर. सुरुवातीच्या सेक्टरमध्ये हे मिळवून एक वजा केलं की जुना शेवट. तुमच्याकडे आकडा वेगळा येईल, पद्धत हीच. पडताळा तर आयताच आहे, कारण डीची सुरुवात जागची हललेली नाही. निघालेला शेवट तिच्या पुढे जाता कामा नये, आणि बहुतेक वेळा तो तिच्या अगदी अलीकडे येतो.

तालुका_टेक

हे सगळं करण्यापेक्षा पडदा स्वतः सांगतोय ना एफएससीके चालवा म्हणून. प्रत्येक प्रश्नाला होय म्हणायचं आणि चहा प्यायला जायचं. मी कितीदा तरी असंच सुटलोय.

वावरातला

म्हणूनच कॉपी म्हणतो मी! इथं पहिलाच प्रश्न काय येतो ते पाहा : फाइल सिस्टीमची लांबी आणि पार्टिशनची लांबी जुळत नाही, दोघांपैकी एक चूक आहे, अबॉर्ट? म्हणजे इथं होय म्हटलं तर ते थांबतं. सगळ्याला होय लावून चहाला गेलात तर परत आल्यावर काहीच झालेलं नसेल. मग माणूस वैतागून नाही दाबतो आणि खरा घात तिथं होतो. एफएससीके पुढे निघतं, ४० जीबीतले ब्लॉक त्याला वाचता येत नाहीत आणि ज्या फाइलींचे पत्ते तिकडे आहेत त्या तो दुरुस्तीच्या नावाखाली साफ करायला लागतो. नंतर पार्टिशनचा शेवट बरोबर लावला तरी त्या नोंदी परत येत नाहीत.

कन्सोलवाली म्हणतात ते तंत्र मला पटतं. माझं भांडण तंत्राशी नाही, ते करणाऱ्याच्या हाताशी आहे. ज्यानं टेबल आणि फाइल सिस्टीम यातला फरक न कळता कापाकापी केली, त्याच्याच हातात तुम्ही नऊ आकडी सेक्टर देताय. त्याला चुकायला जागा नको का?

कन्सोलवाली

मुद्दा बरोबर आहे. पण मग अख्खी डिस्क कशाला? उबंटूची सुरुवात ते डीची सुरुवात एवढाच पट्टा घ्या. १०० जीबी, यूएसबी २ वर तासभराचं काम. १२८ जीबीचं पेनड्राइव्हही चालेल, फक्त ते एफएटी३२ नको, तिथं ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही. एवढं करा, मग टेबल दुरुस्त करा, मग एफएससीके फक्त वाचण्याच्या पर्यायानं चालवा, काही लिहू देऊ नका. ते स्वच्छ निघालं तर रीड-ओन्ली माउंट करून (फक्त वाचण्यापुरतं जोडून) कागद आधी बाहेर काढा. उबंटू चालू करायची घाई त्यानंतर.

वावरातला

पट्ट्याचं मान्य. एसएसडी असती तरी मी हेच म्हटलं असतं, उलट जास्त जोरात. तिथं त्या मोकळ्या जागेवर कुणी फॉरमॅट मारला तर ट्रिममुळे (मोकळे ब्लॉक पुसून टाकायची एसएसडीची सोय) जुना डेटा कायमचा जातो, टेस्टडिस्क चालवायलाही काही उरत नाही.

तालुका_टेक

दुकानात दिवसाला चार मशीन येतात, प्रत्येकाला एक तास दिला तर दुकान बंद करावं लागेल. पैसे द्यायची तयारी ठेवा, आम्हीही कॉपी काढू. फुकटात फॉरमॅटच होतो.

हरभरा

हे मातर खरं बोल्ले तालुकावाले. फॉरमॅटचे तीनशे देतानाच लोकायचं तोंड वाकडं होते.

माहं येक इचारनं हाय. वरुडच्या त्या केंद्रावर सद्या पीकविम्याची गर्दी असन. भाचा परत अमरावतीले गेला असन. तं तवरिक विंडोजवर काम चालू ठेवलं तं चालते का मशीन बंदच ठेवाव?

वावरातला

चालवा. विंडोज त्या मोकळ्या जागेत आपणहून काही लिहीत नाही, तुम्ही सांगितलं तरच लिहितं. फक्त डिस्क मॅनेजमेंट कुणी उघडू नये. उघडलंच तर तिथं काळ्या पट्टीची अनअलोकेटेड जागा दिसेल, तिच्यावर न्यू सिंपल व्हॉल्यूम करू नका. पट्टी कितीही रिकामी वाटली तरी कागद तिथंच आहेत. पार्टिशनचं कुठलं फुकट सॉफ्टवेअरही टाकू नका. आणि उबंटू पुन्हा पुन्हा चालू करून बघायचं नाही, म्हणजे चुकून नाही दाबायची पाळीच येणार नाही. भाचा शनिवारी येतोय. पेनड्राइव्ह १२८ चं लागेल का २५६ चं, एवढं कन्सोलवालींनी नक्की सांगावं.

कन्सोलवाली

२५६ घ्या. १२८ वर दाबून बसतं, पण मॅप फाइल, टेबलाची फाइल आणि बाहेर काढलेले कागद धरले तर पुरणार नाही. एक्सएफएटीनं फॉरमॅट करा, विंडोजलाही वाचता येईल. आणि भाच्याला म्हणावं, ज्या पेनड्राइव्हवर लाइव्ह उबंटू आहे त्याच्यावरच कॉपी टाकू नकोस, दोन वेगवेगळी लागतात.