'एकच पेग' म्हणजे नक्की किती?

रोज एक पेग घेणाऱ्यांचं हृदय अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा ठणठणीत असतं, तसे अभ्यासच आहेत, असं कुणीतरी लिहिलंय. आहेत की! पण त्यातल्या बऱ्याच जुन्या अभ्यासांत 'न पिणाऱ्यां'मध्ये डॉक्टरने दम दिल्यावर बाटली सोडलेले आजारी लोकही धरले होते. त्यांच्या शेजारी कुणीही ठणठणीतच दिसणार.

दुसरं म्हणजे माप. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ३० मिलीचा स्मॉल म्हणजे साधारण १० ग्रॅम अल्कोहोल. घरी कोण मोजतं? एका बैठकीत मी स्वयंपाकघरातला मोजकप आणून यजमानांचा 'छोटासाच' मोजला, तर ७० मिली भरला. (पुढच्या वेळी बोलावणं आलं नाही.) 'मी फक्त बिअर'वाल्यांनी तर बाटलीवरचे आकडे वाचाच. ८ टक्क्यांची स्ट्राँग, ६५० मिली, म्हणजे ४० ग्रॅम. चार स्मॉल झाले की हो!

मीही अधूनमधून घेतो, चव आवडते म्हणून. हृदयाचं नाव पुढे करत नाही. आणि कॅन्सरचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच दारूला पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कॅन्सर करतात हे नक्की ठरलेल्या गोष्टींत, तंबाखूच्या पंगतीला बसवलंय.