मनगट दुखतंय तरी "रियाज वाढव"? गिटार शिकवणाऱ्यांचा हा सल्ला मला मान्य नाही

सातपूरचा फिटर:
माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. दिवाळीनंतर तिला गिटारच्या क्लासला घातलं. पहिले तीन आठवडे बोटांची टोकं लाल व्हायची. तेवढं मी धरूनच चाललो होतो, तारेवर बोट दाबायचं म्हटल्यावर घट्टे पडेपर्यंत दुखणारच. मग एफ कॉर्ड सुरू झाली, म्हणजे तर्जनी आडवी ठेवून सगळ्या तारा एकदम दाबायची पकड (असल्या पकडीला बार कॉर्ड म्हणतात), आणि डाव्या मनगटात, अंगठ्याच्या बाजूला कळ यायला लागली. आठवड्याभरात डब्याचं झाकण फिरवतानाही ती हात झटकू लागली. सरांना सांगितलं तर म्हणाले, "रियाज वाढव, जाईल."

ही दोन दुखणी एकच आहेत असं समजणं चूक आहे, आणि त्याची किंमत मुलं मोजतात. बोटाच्या टोकाला दुखतं ती कातडी. ती दोन-चार आठवड्यांत जाड होते आणि प्रश्न मिटतो. मनगटात दुखतं ते स्नायूला हाडाशी बांधणारे दोर. ते घासून घासून जाड होत नाहीत, सुजतात. आमच्याकडे बेअरिंग तापलं तर मशीन थांबवून आधी अलाइनमेंट बघतात, स्पीड वाढवत नाहीत.

मी घरी गिटार टेबलावर ठेवली आणि फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पाती एकावर एक लावून तार किती उंच आहे ते मोजलं. गिटारच्या गळ्यावर, म्हणजे लांब दांडीवर, धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्या फ्रेट. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली ३.६ मिमी. तिथे अडीचच्या आसपास हवं. नट म्हणजे गळ्याच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी, तिच्या खाचा उथळ, त्यामुळे पहिल्या फ्रेटवर, म्हणजे नेमकी एफ दाबायच्या जागी, तार सगळ्यात जड. वरून तारा बारा नंबरच्या, म्हणजे सर्वांत बारीक तार ०.०१२ इंचाची. असा सेट सुरात लावला की सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या आसपास जातो. त्याच्याशी तेरा वर्षांची पोर रोज तासभर झगडत होती.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. मूल "मनगट दुखतंय" म्हणालं की शिकवणाऱ्याने त्या दिवसापुरतं वाजवणं थांबवावं, गिटार स्वतःच्या हातात घेऊन बघावी, मुलाचं बसणं बघावं.

पंचवटीची जुनी तार:
फिटरभाऊ, तुमची काळजी समजते, पण विरोध करतो. १९९१ साली मी शिकलो ती गिटार अशी होती की सातव्या फ्रेटवर तारेखालून पेन्सिल सरकायची. बोटांतून रक्त आलं. त्याच गिटारवर एफ लागली आणि त्यानंतर कुठलीही गिटार हातात आली तरी मला जड गेली नाही. सतारवाल्यांच्या बोटाला चर पडतात, ते तक्रार करतात का? आपल्या नाशिक ढोलच्या पथकात श्रावणात सराव सुरू झाला की हाताला फोड येतात, पोरं पट्टी बांधून उभी राहतात.

मी कितीतरी मुलं बघितली. चौथ्या आठवड्यात दुखतं म्हणून थांबतात ती परत येत नाहीत. एकदा का साधनात खोट काढायची सवय लागली की हात घडायचा राहून जातो. ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याचं उदाहरण घ्या. कारखान्यात मशीनमध्ये दोन बोटांची टोकं तुटली, तरी गडी थांबला नाही.

सातपूरचा फिटर:
काका, आयोमीचं उदाहरण तुम्ही दिलंत हे बरं झालं, कारण ते माझ्या बाजूचं आहे. १९६५ साली बर्मिंगहॅममध्ये शीट मेटलच्या कारखान्यात त्यांचा तो अपघात झाला. त्यानंतर त्यांनी काय केलं? प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, बँजोच्या हलक्या तारा गिटारला लावल्या, पुढे तारा खालच्या सुरात उतरवल्या. म्हणजे साधन हाताला जुळवून घेतलं. दुखतंय तर आणखी दाब, असं त्या माणसाने केलं नाही.

आणि ढोलाचे फोड म्हणजे पुन्हा कातडीच. पथकातल्या पोराचा खांदा निखळला तर त्याला टिपरू हातात द्याल का?

सहा तारा:
मी इंदिरानगरला गिटार शिकवते, आता दुसरी बाजूही ऐका. दादा, ती गिटार घेतली कोणी? दहापैकी आठ पालक आधी खरेदी करतात आणि मग क्लास शोधतात. मोठ्या पोटाची ड्रेडनॉट, सगळ्यात स्वस्त, घरपोच आलेली. लहान अंगाच्या मुलीचा उजवा खांदा त्या पोटावरून वर चढतो, मान पुढे येते आणि गिटारच्या गळ्यापर्यंत पोहोचायला डावं मनगट काटकोनात वळतं. हे मी बोलले की पालक म्हणतात, "मॅडम, आत्ताच तर घेतली." बॅचमध्ये बारा मुलं, तास एक. त्यात गॅदरिंगला एक गाणं बसवून द्या असा आग्रह. प्रत्येकाच्या अंगठ्याकडे बघायला मला वाट्याला पाच मिनिटं येतात. सगळा दोष शिकवणाऱ्यावर टाकलात, त्याचं वाईट वाटलं.

मनगटाच्या तक्रारीवर "रियाज वाढव" हे उत्तर मात्र मीही कधी देणार नाही. मुलीला एक करायला सांगा: कॉर्ड धरल्यावर अंगठा गळ्यावरून पूर्ण काढून घ्यायचा आणि नुसत्या हाताच्या वजनाने तारा मागे ओढायच्या. कॉर्ड वाजली तर समजायचं की ती अंगठ्याने विनाकारण आवळत होती. बहुतेक मुलं बॅट धरल्यासारखा गळा धरतात. शिवाय बोट फ्रेटच्या अगदी लगत ठेवलं की निम्म्या जोरात सूर स्वच्छ लागतो, दोन फ्रेटच्या मध्यावर ठेवलं की जोर वाढवावा लागतो.

सातपूरचा फिटर:
ताई, कबूल. ड्रेडनॉट मीच मागवली, आकार न विचारता. तो दोष माझा. पण चार महिन्यांत सरांनी एकदाही ती हातात घेऊन वाजवून पाहिली नाही, हेही तितकंच खरं.

पंचवटीची जुनी तार:
अंगठा काढून वाजवायचं हे मला माझ्या गुरुजींनीही शिकवलं होतं. त्यावर वाद नाही. पण नट घासा, तारा बदला, छोटी गिटार घ्या, ही यादी संपत नाही.

निफाडची बाग:
मी द्राक्षवाला, पस्तिशीनंतर गिटार धरली. ऑक्टोबर छाटणीत पंधरा-वीस दिवस कात्री हातात असते. पहिल्या वर्षी दिवसा छाटणी आणि रात्री तासभर गिटार असं केलं आणि हात असा धरला की चहाचा कप दोन हातांनी उचलायचो. तेव्हा कळलं की हाताला काम वेगवेगळं मोजता येत नाही. कात्री, मोटारसायकलचा क्लच, मोबाइल, गिटार, सगळं एकाच हाताच्या खात्यावर. भाऊ, मुलगी दिवसाला मोबाइल किती वेळ अंगठ्याने चालवते, ते आधी बघा. गिटारमध्ये काढलेली खोट तिथेही असू शकते.

आणखी एक. थंडीच्या लाटेत आमच्याकडे पारा पाच अंशांच्या खाली उतरतो. पहाटे गार बोटांनी एकदम बार कॉर्ड धरू नये. मी आधी कोमट पाण्यात हात धरतो, मग पाच मिनिटं मोकळ्या तारा.

हाताची फिजिओ:
रोज हातच बघते, म्हणून लिहिते. फिटरदादांच्या म्हणण्यातला अर्धा भाग मला मान्य आहे, अर्धा नाही.

बेअरिंगचं उदाहरण शरीराला लागू पडत नाही. बेअरिंग वापराने फक्त झिजतं. टेंडनला, म्हणजे तुम्ही म्हणता त्या दोराला, भार मिळाला तर तो मजबूत होतो, फक्त भार हळूहळू वाढायला हवा. म्हणून "पूर्ण थांबव" हाही सल्ला मी सरसकट देत नाही. महिनाभर गिटार बंद ठेवून मूल परत आलं, पहिल्याच दिवशी तासभर एफ धरून बसलं, की दुखणं जिथल्या तिथे. त्यापेक्षा दिवसात दहा-दहा मिनिटं तीनदा, मध्ये तास-दोन तासांचं अंतर, आणि काही आठवडे बार कॉर्ड वगळून. या बाबतीत काकांचं म्हणणं मला पटतं, हात वापरूनच घडतो.

पण काका, रक्त आलं ही तुमची गोष्ट मुलांना सांगू नका. तुमचा हात टिकला म्हणून तुम्ही ती सांगू शकता. ज्यांचा टिकला नाही ते गिटार विकून गप्प बसले, ते इथे येऊन लिहीत नाहीत.

दुखणं कुठे आहे यावर पुढचं सगळं ठरतं. अंगठ्याच्या मुळापासून मनगटाच्या कडेने दुखत असेल तर अंगठा हलवणाऱ्या टेंडनचा त्रास असू शकतो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट मुंग्या येऊन बधिर होत असतील, विशेषतः रात्री, तर मनगटातल्या बोगद्यात नस दाबली जातेय का ते बघावं लागतं. करंगळीकडे मुंग्या असतील तर कोपराकडे बघायचं. बधिरपणा, सूज, वस्तू हातातून सुटणं, यातलं काहीही असेल तर क्लासमध्ये किंवा इथे विचारत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. वेदनाशामक गोळी घेऊन वाजवणं तर अजिबात नको, त्याने फक्त सूचना बंद होते.

दादा, मुलीला रात्री मुंग्या येतात का?

सातपूरचा फिटर:
नाही ताई, मुंग्या नाहीत. अंगठ्याच्या कडेलाच दुखतं. हाडांच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली आहे. बेअरिंगबद्दल तुमचं बरोबर, मी तसा विचार केला नव्हता. निफाडच्या भाऊंनी सांगितल्यावर मोबाइलही बघितला. रोज दोन तास, सगळं डाव्या अंगठ्याने.

गिटारचं काम काल करून आणलं. ब्रिजवरची सॅडल, म्हणजे पोटाकडच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी, २ मिमी उतरवली. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून तिथे निम्माच फरक पडतो, ३.६ चे २.६ झाले. नटच्या खाचाही खोल केल्या. तारा दहा नंबरच्या लावल्या आणि अर्धा सूर खाली उतरवल्या.

पंचवटीची जुनी तार:
पावसाळ्यात परत मोजा. दमट हवेने लाकूड फुगतं, पोट वर येतं आणि तारा पुन्हा उंचावतात. जूनमध्ये केलेलं माप डिसेंबरला राहत नाही, हे तुमच्या गेजला माहीत नसेल.

माझं मत मी सोडलेलं नाही. दुखण्यातून गेल्याशिवाय हात बसत नाही असंच मला वाटतं. पण झाकण उघडता येत नाही, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा नीट घेतलं नव्हतं. तेवढं असेल तर पोरीला थांबवा. एफ कुठे जात नाही. तोवर बारीक बाजूच्या चारच तारांवरची छोटी एफ वाजवू दे, पूर्ण बार लागत नाही, गाण्यात चालून जाते.

सातपूरचा फिटर:
काका, तीच वाजवतेय आता. दहा मिनिटं झाली की मी घड्याळ दाखवतो आणि ती चिडते.