इंटर्नल ऑडिटवर किती खर्च करायचा हे नक्की कशावर ठरतं?

प्रश्न: आमची चाकणची प्रायव्हेट कंपनी, मागच्या वर्षी टर्नओव्हर 200 कोटींच्या पुढे गेला, साहेब म्हणतात इंटर्नल ऑडिटला, म्हणजे कंपनीच्या कारभाराची आतून तपासणी करायला, एक सीए फर्म लावू, वर्षातून दोनदा येऊन जातील, बास. पुरेल का एवढं?

उत्तर १: कंपनी कायदा 2013, कलम 138, टर्नओव्हर 200 कोटींच्या पुढे गेला म्हणजे तुम्हाला इंटर्नल ऑडिटर नेमावाच लागणार. पण किती खर्च करायचा ते कायदा सांगत नाही, ते गोडाऊन किती, कर्ज किती, रोखीचे व्यवहार किती यावर असतं.

उत्तर २: आणि मालकाच्या धास्तीवर! आमच्याकडे भंगाराच्या गाडीची वजनकाट्याची पावती आणि गेटपास यांचं वजन जुळेना, ते सापडलं तेव्हा कुठे दर महिन्याचं ऑडिट सुरू झालं. रिपोर्ट थेट डायरेक्टरकडे जाऊ दे, अकाउंट्सकडे नको.

प्रश्नकर्ता: भंगाराचं आमच्याकडे कुणी बघतच नाही हो, उद्याच विचारतो.