तपकीर गल्लीतलं ३८,५०० चं कोटेशन: भावासाठी गेमिंग पीसी, घेऊ का? (जून २०२५ची चर्चा, भाव तेव्हाचे)

मृणाल_कसबा

नमस्कार. मी एका पतसंस्थेत नोकरी करते. रोज आठ तास कॉम्प्युटरसमोर बसते, पण तो आतून कधी पाहिलेला नाही. प्रश्न लांबला तर सांभाळून घ्या.

धाकट्या भावाची सीईटी झाली. इंजिनिअरिंगला जाणार हे नक्की, मेकॅनिकल की कॉम्प्युटर ते कॅप राउंडमध्ये (प्रवेशाच्या फेरीत) ठरेल. दहावीपर्यंत तो मित्राकडे जाऊन गेम खेळायचा. अकरावी-बारावीला त्याने स्वतःहून खेळणं बंद ठेवलं, कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हाच मी त्याला शब्द दिला की परीक्षा झाली की तुझा स्वतःचा कॉम्प्युटर. दरमहा अडीच हजारांची आरडी लावली, ती या जूनमध्ये पिकली. व्याज धरून हातात ६४ हजार आहेत. त्यात मॉनिटरसकट सगळं बसवायचं आहे आणि कॉलेजची चार वर्षं त्यावर निघायला हवीत. खेळतो मुख्यतः व्हॅलोरंट, आणि जीटीए फाइव्ह खेळायची इच्छा आहे.

शनिवारी मंडईला मेट्रोने उतरून तपकीर गल्लीत गेले. तीन दुकानं फिरले. तिसऱ्या दुकानातले गृहस्थ फार आपुलकीने बोलले आणि हे कोटेशन दिलं: आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबी एसएसडी (फाइली साठवायला), ५०० वॅट एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा), रंगीत दिव्यांचं कॅबिनेट, २२ इंची मॉनिटर. एकूण ३८,५००. "आय७ म्हणजे सगळ्यात वरचा, यापुढे काही नाही," असं म्हणाले. मी पूर्ण नंबर मागितला तेव्हा पेन्सिलने बाजूला लिहून दिलं: ४७७०, आणि कार्ड जीटी ७३०.

खरं सांगायचं तर माझा जीव त्यात अडकलाय. उरलेल्या पैशांत आईच्या दातांचं काम होईल, ती वर्षभर पुढे ढकलतेय. पण २५ हजार कमी कसे होतात, हे मनात खुपतंय. घेऊ का?

जुना_काउंटर

मृणालताई, आगाऊ रक्कम दिली नाहीत ना? देऊ नका. मी बुधवार पेठेत नऊ वर्षं दुकानाच्या काउंटरवर होतो, शेकडो मशीन जोडली आहेत. तुम्ही पूर्ण नंबर मागितलात, तिथेच अर्धं काम झालं.

आय७ हे नाव बाजूला ठेवा, पुढचे चार आकडे वाचा. ४७७० मधला पहिला ४ म्हणजे चौथी पिढी. हा प्रोसेसर २०१३ सालचा आहे, तुमचा भाऊ तेव्हा पहिलीत असेल. नवा तयार होणं केव्हाच थांबलंय, म्हणजे कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला माल नव्या कॅबिनेटमध्ये बसवलेला. त्याला रॅमही जुनी, डीडीआर३ लागते. आजचा साधा आय३-१२१०० त्याच्या बराच पुढे आहे. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचं लागतं, आणि विंडोज १०चे नेहमीचे अपडेट येत्या १४ ऑक्टोबर २०२५ला बंद होतायत. दिवाळीच्या आठवडाभर आधी मशीन म्हातारं ठरेल.

जीटी ७३० हे २०१४चं कार्ड. तेव्हाही ते खेळण्यासाठी नव्हतं, पडद्यावर चित्र दिसावं एवढ्यासाठीच होतं. ४ जीबी म्हणजे कोठीघर मोठं, पण रांधायला माणूस एकच. पंगत वेळेवर उठायची नाही.

आता काय घ्यावं. मागच्या आठवड्यात दुसऱ्या एकासाठी भाव काढले होते, पाचशे इकडेतिकडे धरा. प्रोसेसर रायझन ५ ५६००, साडेनऊ हजार. सहा कोर, बारा थ्रेड, पंखा डब्यातच येतो. बी५५० मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो) साडेआठ. ८ + ८ जीबी डीडीआर४ रॅम ३,२००. ग्राफिक्स कार्ड आरएक्स ६६००, ८ जीबीचं, साडेवीस. १ टीबी एनव्हीएमई एसएसडी पाच. ५५० वॅट ब्रॉन्झ (कमी वीज वाया घालवतो याचा दर्जा) एसएमपीएस चार. जाळीचं तोंड असलेलं कॅबिनेट तीन. २४ इंची, १०० हर्ट्झचा (सेकंदाला शंभरदा चित्र बदलणारा) आयपीएस मॉनिटर आठ. बेरीज ६१,७००. कीबोर्ड-माउस उरलेल्यात.

बी४५० बोर्ड घेतलात तर दोन-अडीच हजार वाचतात, पण पडून राहिलेला तुकडा असेल तर जुन्या बायोसवर (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) हा प्रोसेसर सुरूच होत नाही. दुकानातच अपडेट करून, चालू करून दाखवायला सांगा.

एसएमपीएसबद्दल मात्र मी हट्टाने लिहिणार. कॅबिनेटसोबत येणारा "५०० वॅट" हातात घेऊन बघा, रिकाम्या डब्यासारखा हलका लागतो. आरएक्स ६६०० साधारण १३२ वॅट खातं आणि त्याला आठ पिनांची एक वेगळी वायर लागते. स्वस्त एसएमपीएसला ती नसतेच, मग हार्ड डिस्कच्या पिनेला कन्व्हर्टर लावून देतात. ती पिन एवढ्या करंटसाठी केलेलीच नाही. वितळून काळी पडलेली अशी कनेक्टरं मी माझ्या हाताने कापून काढली आहेत, आणि त्यातल्या दोन मशीनचे बोर्डही गेले होते. चार हजार तिथे खर्च करा, कॅबिनेटच्या दिव्यांवर नको.

कार्ड घेताना आणखी एक नाव फसवं आहे. आरटीएक्स ३०५० दोन प्रकारचं मिळतं, ८ जीबीचं आणि २०२४ साली आलेलं ६ जीबीचं. फरक फक्त मेमरीचा वाटतो, पण ६ जीबीवाल्यात कोरही कमी आहेत आणि मेमरीचा रस्ताही अरुंद. दुकानदार दोघांना "तीस-पन्नास" म्हणतो.

बिल जीएसटीचं, त्यावर प्रत्येक भागाचा पूर्ण नंबर आणि सिरियल नंबर. डब्यात सीलबंद प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. सुटा, ट्रेमधला घेतला तर फक्त दुकानदाराचा शब्द.

कोथरूड_रात्रपाळी

ताई, मी सेकंड इयरला आहे. दादांचं सगळं पटतं, फक्त कार्ड आत्ताच घ्यायचं पटत नाही.

५६०० ऐवजी ५६००जी घ्या, दहा-अकरा हजार. त्याच्या पोटातच ग्राफिक्स आहे, कार्डाशिवाय पडदा चालतो. मी दीड वर्षं तसाच खेळलोय. व्हॅलोरंट मध्यम सेटिंगवर सेकंदाला शंभरच्या वर फ्रेम देतं, जीटीए फाइव्ह सेटिंग खाली आणून नीट चालतं. वीसेक हजार आत्ता मोकळे राहतात, काकूंचे दात आधी होऊ देत.

दुसरं कारण शाखेचं. भाऊ कॉम्प्युटरला गेला आणि मशीन लर्निंगकडे वळला तर तिथलं बरंचसं सॉफ्टवेअर कुडा नावाच्या प्रणालीवर चालतं, आणि कुडा फक्त एनव्हिडिया कंपनीच्या कार्डवर. आरएक्स दुसऱ्या कंपनीचं. तेव्हा आरएक्स ६६०० विकावं लागेल. मेकॅनिकलला गेला तर तेच कार्ड पैसा वसूल, त्याच भावाच्या ३०५०पेक्षा गेममध्ये चांगलंच पुढे. महिनाभरात कळणारच आहे, मग थांबायला काय हरकत?

एक अट आहे: रॅमच्या दोन कांड्याच घ्या. पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच खातं. १६ची एकच कांडी लावली तर निम्मा रस्ता बंद होतो आणि फरक डोळ्यांना दिसतो.

जुना_काउंटर

मुद्दा बरोबर आहे. शाखेचा विचार माझ्याकडून राहिला. किंमत एवढीच की ५६००जीमध्ये कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी आहे, ५६००मध्ये ३२, त्यामुळे पुढे कार्ड लावल्यावर तो थोडा मागे राहील. मी ते मान्य करेन. मात्र एसएमपीएस आत्ताच चांगला घ्या. कार्ड नाही म्हणून हलका घेतला की दिवाळीत दोनदा खर्च.

वायरमन_काका

मुली, कसबा पेठ म्हणजे जुना वाडा असणार. तुमच्या घरात अर्थिंग आहे का, ते आधी बघ. ही मंडळी पार्टचं बोलतायत, मी भिंतीचं बोलतो.

मी पेठांमध्ये तीस वर्षं वायरिंग केलं. पुष्कळ वाड्यांत तीन पिनांचा सॉकेट बसवलेला असतो, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. एसएमपीएसमध्ये गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून, दोन्ही कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले. अर्थ असली की त्यांतून झिरपणारा करंट तिकडे निघून जातो. नसली की पत्रा मधल्यामध्ये लटकतो, २३०च्या निम्म्यावर, आणि अनवाणी पायाने हात लावला की झिणझिण्या येतात. करंट अगदी थोडा असतो, पण आत खरोखर काही बिघडून फेज पत्र्याला लागली तर त्याला जायला वाट नसते. मग माणूसच वाट होतो. फरशी ओली, पावसाळा तोंडावर. हे अंगावर काढू नकोस.

लायसन्स असलेल्या वायरमनला बोलावून फेज-अर्थमध्ये व्होल्टेज मोजायला सांग. २३०च्या जवळ आलं तर अर्थ जोडलेली आहे असं समज, पण ती करंट झेलेल की नाही त्यासाठी बल्ब लावून लोडवरही बघायला सांग. व्होल्टेज लटकत असेल किंवा बल्ब नीट पेटला नाही तर अर्थिंग नवीन घ्यायचं. पाण्याच्या नळाला वायर गुंडाळून देणारा आला तर त्याला परत पाठव, वरच्या मजल्यावर नळाखाली कोणी तरी भांडं घासत असतं. आणि शंभर रुपयांचा एक्स्टेन्शन बोर्ड घेऊ नकोस, त्यातल्या पुष्कळांची तिसरी पिन नुसती दिखाव्याची.

मृणाल_कसबा

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण काका, तुमचं वाचून आधी वायरमनला बोलावलं. सॉकेटमागे खरंच वायर नव्हती. घरमालकांशी बोलले, त्यांनी अर्धा खर्च उचलला, मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा घेतला. आईने सांगितलं की मिक्सरला हात लावल्यावर तिला कित्येक वर्षं झिणझिण्या यायच्या, तिला वाटायचं आपला हातच दुखतोय. ते ऐकून मला कसंतरीच झालं.

हा सगळा धागा भावाला वाचायला दिला. मला वाटलं होतं कार्ड नाही म्हटल्यावर त्याचं तोंड उतरेल. त्याने दोनदा वाचला आणि म्हणाला, आईचे दात आधी, कार्ड दसऱ्याच्या बोनसला बघू. ५६००जी, बी५५०, ८ + ८ रॅम, ५५०चा ब्रॉन्झ एसएमपीएस, एसएसडी एक टीबीच, बाकी दादांनी लिहिल्याप्रमाणे. एकूण ४२,७००, प्रत्येक सिरियल नंबर बिलावर. दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या, पण लिहून दिले. आईची दातांची पहिली फेरी गेल्या मंगळवारी झाली.

जोडलं त्यानेच, दुकानात नाही, घरी जमिनीवर चादर पसरून. मी टॉर्च धरला होता. व्हॅलोरंट आधी सुरू होईना, विंडोज ११वर टीपीएम आणि सिक्युअर बूट ही दोन सुरक्षा सेटिंग मागत होतं, ते बायोसमध्ये त्याने शोधून चालू केलं. आता चालतं, पण मध्येच अडखळतं. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग २४०० दिसतोय, डब्यावर ३२०० लिहिलंय. फसवलं का?

कोथरूड_रात्रपाळी

नाही ताई, रॅम बरोबर आहे. डब्यावरचा वेग आपोआप लागत नाही. बायोसमध्ये एक्सएमपी नावाचं असेल, काही बोर्डांवर डीओसीपी म्हणतात, ते चालू करून सेव्ह करा. पोटातल्या ग्राफिक्सला याचा फार फरक पडतो. आणि कांड्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत ना, ते बघा. मॉनिटर १०० हर्ट्झवर आणलाय का? विंडोज तो बऱ्याचदा ६०वरच ठेवतं.

मृणाल_कसबा

कांड्या पहिल्या दोन खाचांत होत्या. आत्ता हलवल्या. ३२०० दाखवतंय आणि मॉनिटरही १००वर आला. साडेनऊ वाजलेत, आई जेवायला बोलावतेय, तो "एकच मॅच" म्हणतोय.