जबड्याच्या ऑपरेशनसाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरावं का?

सुकाणू (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात एका धर्मादाय रुग्णालयाच्या समितीने आम्हाला नकार दिला. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. तंबाखू-गुटख्याने झालेला तोंडाचा कॅन्सर हाडात शिरला की खालच्या जबड्याचा भाग काढावा लागतो. मग पायातलं फिब्युला नावाचं बारीक हाड घेऊन, त्याचे तुकडे सांधून नवा जबडा घडवतात आणि त्याला टायटॅनियमच्या पट्टीचा आधार देतात. ही पट्टी जबड्याच्या वळणावर नेमकी बसावी लागते. अनेक ठिकाणी ती वाकवण्याचं काम रुग्ण भुलीत असतानाच चालतं. आमचा प्रस्ताव साधा होता. सीटी स्कॅन थ्रीडी स्लाइसर या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये उघडायचा, हाड वेगळं करायचं, थ्रीडी प्रिंटरवर त्याची प्रतिकृती काढायची. सर्जनने आदल्या दिवशी तिच्यावर पट्टी वाकवून निर्जंतुक करायला द्यायची. समितीचं उत्तर एका वाक्याचं होतं: 'संशोधनासाठी' असं लिहिलेलं सॉफ्टवेअर रुग्णासाठी चालणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्लाइसरची सुरुवात १९९८ च्या सुमारास बोस्टनमध्ये झाली, ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलची शस्त्रक्रिया-नियोजन प्रयोगशाळा आणि एमआयटी यांच्यातल्या एका पदव्युत्तर प्रबंधातून. आज ते फुकट आहे, त्याचा कोड कुणीही वाचू आणि बदलू शकतो. परवाना इतका मोकळा की त्यावर स्वतःचं उत्पादन बांधून विकायलाही हरकत नाही. फिब्युलापासून जबडा घडवण्याचं नियोजन करायला वेगळी जोडणीसुद्धा (एक्स्टेंशन) कुणीतरी लिहून ठेवली आहे.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या सॉफ्टवेअरची प्रत्येक ओळ तपासता येते त्यावर संशय घ्यायचा आणि बंद डब्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा, हे उलटं आहे. आणि या उलट्या नियमाची किंमत भरतो तो गुटख्याची पुडी दहा वर्षं खाल्लेला ट्रकचालक, ज्याला बाहेरच्या कंपनीकडून मॉडेल करून घेणं परवडत नाही.

टाकादोरा

सुकाणू सर, तळमळ पोचली. पण मी समितीच्या बाजूने आहे. मी डोकं-मान या भागाची शस्त्रक्रिया करतो, म्हणजे तुमची ती पट्टी बसवणारा माणूस मीच.

स्लाइसर घडवणारे स्वतःच सांगतात की ते उपचारासाठी मंजूर झालेलं नाही, संशोधनासाठी आहे. बनवणाऱ्याने स्वच्छ लिहून ठेवलेलं आपण बाजूला सारायचं आणि उद्या काही चुकलं की जबाब कुणी द्यायचा? तुमच्या विद्यार्थ्याने? तो तोपर्यंत पास होऊन बंगळुरूला गेलेला असतो. सही माझी असते.

एक खरी भीती सांगतो. स्कॅन ज्या ठरलेल्या स्वरूपात साठवतात त्या डायकॉम फाइलमध्ये अक्ष रुग्णाच्या डावीकडे आणि पाठीकडे वाढतात. स्लाइसर आत ते उजवीकडे आणि पुढे वाढतात असं धरतं. कुणी घाईत एक छोटा प्रोग्रॅम लिहून बिंदू बाहेर काढले आणि हा बदल विसरला, की डावं उजवं झालं. चुकीच्या बाजूला चाकू लागणं याहून वाईट स्वप्न सर्जनला पडत नाही. आणि तुमचा 'कोड वाचता येतो' हा मुद्दा! आमच्या अख्ख्या विभागात तो वाचू शकेल असा एक माणूस दाखवा.

अर्धविराम

डॉक्टर, मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, म्हणून दोन गोष्टी.

पहिली, अक्षांची. पहिले दोन्ही अक्ष एकदम उलटले की आरशातली प्रतिमा तयार होत नाही, वस्तू फक्त १८० अंशांत फिरते. छापलेला जबडा टेबलावर फिरवून ठेवला तरी तोच जबडा असतो. ऑपरेशन चालू असताना सुईचं टोक पडद्यावर दाखवणाऱ्या नॅव्हिगेशनमध्ये मात्र हीच चूक जीवघेणी आहे, ते मान्य. म्हणजे आपण दोन वेगळ्या कामांबद्दल एकाच दमात बोलतोय.

दुसरी, बंद डब्याची. थेराक-२५ हे किरणोपचाराचं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात मिळून सहा रुग्णांना त्याने भयंकर जास्त डोस दिला, त्यातले काही दगावले. दोष सॉफ्टवेअरमध्ये होता आणि ते बाहेरच्या कुणालाही वाचता येत नव्हतं. जास्त डोस जाणं शक्यच नाही, असं कंपनी रुग्णालयांना सांगत राहिली. सही, शिक्का, कंपनी, सगळं होतं की तिथे.

टाकादोरा

थेराकचा धडा 'कोड उघडा ठेवा' एवढाच आहे का? आधीच्या यंत्रात धोका अडवणारे स्वतंत्र यांत्रिक अडथळे होते. ते काढून सगळा भार सॉफ्टवेअरवर टाकला, ही मूळ चूक. उघड्या कोडनेही ती झालीच असती. हार्टब्लीड आठवा, २०१४ चं. जगभरचे सर्व्हर ज्या मुक्त लायब्ररीवर चालतात तिच्यातलं भोक दोन वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. वाचता येणं वेगळं, कुणी वाचणं वेगळं.

आणि कायदा. आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ चे, आणि १ एप्रिल २०२० पासून लागू असलेल्या व्याख्येत सॉफ्टवेअरही येतं. ही लाल फीत नाही. प्रत्येक धोका आधी लिहून काढायचा, त्यावर काय उपाय केला ते दाखवायचं, आवृत्ती बदलली की पुन्हा तपासायचं, ही शिस्त त्यामागे आहे. ती पैशाने येते, म्हणूनच कंपनीचं सॉफ्टवेअर महाग असतं.

कोबाल्ट६०

मी जिल्ह्याच्या ठिकाणी किरणोपचार विभागात भौतिकशास्त्रज्ञ आहे. थेराकची गोष्ट आमच्या धंद्यात पाठ असावीच लागते. पण तिचा जो भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो वर दोघांनीही सांगितला नाही, म्हणून लिहिते.

१९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर गावी दुसरा अपघात झाला तेव्हा पडद्यावर फक्त 'मालफंक्शन ५४' एवढंच उमटलं होतं. त्या रुग्णालयाचा भौतिकशास्त्रज्ञ आणि यंत्र चालवणारी तंत्रज्ञ बाई दोघं यंत्रापाशी बसले आणि तीच बटणं पुन्हा पुन्हा दाबत राहिले. शेवटी कळलं की आधी क्ष-किरण निवडून, मग ती नोंद आठेक सेकंदांच्या आत दुरुस्त करून इलेक्ट्रॉन निवडले की घोळ होतो. कंपनीच्या अभियंत्यांना ती चूक घडवून दाखवता येत नव्हती. या दोघांनी दाखवली. त्यांनी कोडची एक ओळ वाचली नव्हती. त्यांच्याकडे यंत्र होतं, चिकाटी होती आणि 'हे असं होऊच शकत नाही' हे न ऐकण्याची हिंमत होती.

म्हणून माझा प्रश्न उघडं की बंद असा नसतोच. निकाल दुसऱ्या, स्वतंत्र वाटेने ताडून पाहिला का, एवढंच मी विचारते. आमची प्लॅनिंग सिस्टीम, म्हणजे डोस कुठे किती जाईल ते काढणारं सॉफ्टवेअर, मंजूर, कंपनीची आहे. तरी तिने काढलेला डोस रुग्णाला देण्याआधी आम्ही फँटमवर, म्हणजे रुग्णाच्या जागी ठेवलेल्या नकली शरीरावर, मोजतो. मोजलेला आणि काढलेला डोस समोरासमोर ठेवून गॅमा तुलना करायची: डोसमध्ये ३ टक्के आणि जागेत २ मिलिमीटरच्या आत किती बिंदू बसतात ते पाहायचं. ही तुलना स्लाइसरच्या किरणोपचार जोडणीत, स्लाइसरआरटीमध्ये करता येते. उपचार तिच्या भरवशावर नाही, पण महागड्या सिस्टीमवर नजर ठेवायला ती मला हवी आहे. तपासणारा त्याच कंपनीचा असला की तपासणीला अर्थ उरत नाही.

टाकादोरा डॉक्टर, नॅव्हिगेशनबद्दल एक. रुग्णावरच्या खुणा स्कॅनमधल्या खुणांशी जुळवल्या की पडद्यावर 'चूक ०.८ मिमी' असा आकडा येतो आणि सगळे सुस्कारा सोडतात. तो आकडा खुणांचा असतो. गाठीपाशी किती चूक आहे ते त्यावरून कळत नाही. मेंदूच्या शस्त्रक्रियेत कवटी आणि आवरण उघडल्यावर मेंदू खचतो, कालच्या एमआरआयवरचं ठिकाण आज तिथे नसतं. परवाना कुठलाही असो, हे दोन्ही तितकंच खरं आहे.

ओंटारियोकर

मी कॅनडात किंग्स्टनला राहतो. इथल्या क्वीन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने प्लस नावाचं मुक्त सॉफ्टवेअर घडवलंय. सोनोग्राफीचं यंत्र आणि सुईचा माग काढणारा सेन्सर, दोन्हींची माहिती ते एकत्र स्लाइसरपर्यंत पोचवतं. मधली भाषा ओपनआयजीटीलिंक, तीही खुली. शिकाऊ डॉक्टर रुग्णाला हात लावण्याआधी नकली पाठीवर सुई घालायचा सराव करतात, सुई कुठल्या मार्गाने गेली ते मागाहून बघतात. वापराचा हा सगळ्यात निर्धोक प्रकार, आणि त्यावर या धाग्यात कुणीच बोललं नाही.

महाराष्ट्रात एक अडचण येणार. गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा करणारं हे पहिलं राज्य, १९८८ साली. पुढे १९९४ ला केंद्राचा आला. नोंदणीशिवाय सोनोग्राफी यंत्र बाळगता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण प्लसमध्ये आधी नोंदवून ठेवलेली सत्रं खऱ्या यंत्रासारखी पुन्हा चालवता येतात. सुकाणू सर, तुमच्या मुलांना यंत्राशिवायही बरंच शिकता येईल.

अबोली

यातलं तांत्रिक मला फार कळत नाही. माझ्या भावाचा जबडा काढला, चार वर्षं झाली. ऑपरेशनआधी आम्हाला सहीसाठी इंग्रजी कागद दिले होते. पट्टी कशी वाकवणार, मॉडेल कुणी काढलं, कशावर काढलं, कुणीच सांगितलं नाही, आणि विचारायचं असतं हेही आम्हाला ठाऊक नव्हतं.

तुम्ही सगळे समिती, सर्जन, कंपनी, कायदा म्हणताय. रुग्णाला विचाराल का? 'हे सॉफ्टवेअर मंजूर नाही, पण आम्ही असं असं तपासलंय, भुलीचा वेळ कमी होईल' असं मराठीत सांगितलं असतं तर माझा भाऊ हो म्हणाला असता. कदाचित नाहीही म्हणाला असता. पण ते त्याने ठरवलं असतं.

सुकाणू (धागाकर्ता)

अबोलीताई, आमच्या प्रस्तावात संमतीपत्राचा मराठी मसुदा नव्हता. असायला हवा होता, आता लिहितो.

कोबाल्ट६० ताई, तुमचं वाचल्यावर माझं मूळ वाक्य मागे घेतो. कोड वाचता येणं म्हणजे तपासणी नव्हे. पण खुलेपणाचा आग्रह सोडत नाही. तुमची स्वतंत्र वाट परवडली ती सॉफ्टवेअर मुक्त आहे म्हणूनच. आणि डॉक्टर, तुमच्या मंजूर सिस्टीमसुद्धा हवेतून येत नाहीत. त्रिमितीय चित्र काढणारी व्हीटीके आणि प्रतिमा हाताळणारी आयटीके या मुक्त लायब्रऱ्या कंपन्याही आपल्या उत्पादनांत वापरतात. आयटीके तर अमेरिकेच्या सरकारी वैद्यकीय ग्रंथालयाच्या पैशातून, म्हणजे लोकांच्या पैशातून उभी राहिली. कंपनीने वापरली की विश्वासार्ह आणि आम्ही वापरली की धोकादायक, हे मला पटत नाही.

टाकादोरा

फरक त्या लायब्ररीत नाही, तिच्यानंतर केलेल्या तपासणीत आहे, आणि तेच मी पहिल्यापासून म्हणतोय. नॅव्हिगेशनला माझा नकार कायम. तिथे चूक कळेपर्यंत वेळ गेलेली असते.

छापलेल्या मॉडेलबद्दल बोलू. माझ्या अटी: स्कॅन एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ कापांचा हवा. पाच मिलिमीटरच्या कापांवरून काढलेल्या जबड्याला पायऱ्या पडतात आणि पट्टी त्या पायऱ्यांवर बसते. दातांत चांदी भरलेली असेल तर तिथली खोटी चमक रेडिओलॉजिस्टने स्वतः काढायची, विद्यार्थ्याने नाही. मॉडेल हातात आलं की तीन अंतरं कॅलिपरने मोजायची आणि रेडिओलॉजीच्या पडद्यावरच्या अंतरांशी ताडायची, स्लाइसरमधल्या नव्हे. आणि जबडा दोन्हीकडून जवळपास सारखाच दिसतो, आरशातला असला तरी पटकन कळत नाही. म्हणून रुग्णाचा कुठल्या बाजूचा कुठला दात पडलाय ते मी तोंडात बघून लिहून देणार, आणि मॉडेलवर ती फट त्याच बाजूला आहे का हे दुसरा डॉक्टर बघणार.

हे सगळं कागदावर आणा, अबोलीताई म्हणतात त्या मराठी संमतीपत्रासकट. समितीपुढे पुन्हा जाल तेव्हा कळवा, मी येतो. होकारच देईन असं नाही.